न पाहिलेल्या युद्धाचा फेरफार: ब्रिटिश कादंबरीतल्या वारसा-स्मृतीचं संशोधन कसं चालतं

जमीन वारशाने आली की तलाठ्याकडे फेरफार होतो. गाव नमुना सहामध्ये नोंद पडते: कोणाकडून आली, कोणाच्या नावे झाली, कधी, कशाच्या आधारे. हरकत घ्यायला मुदत असते. आठवणीचा असा फेरफार कुठेच होत नाही. ब्रिटनमधला पन्नाशीचा एखादा गृहस्थ घ्या. युद्ध त्याने टीव्हीवरच पाहिलेलं. तरी फ्रान्समध्ये तिएपवालच्या स्मारकाखाली उभा राहिला की त्याचा गळा दाटून येतो, कारण आजोबा 1916 साली तिथे पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते. त्याच्याकडे नेमकं काय आलं? कोणी दिलं? वाटेत त्यात कोणी काय मिसळलं?

आजच्या ब्रिटिश कादंबरीत हा गृहस्थ वारंवार भेटतो, आणि तिचा अभ्यास करणारे प्राध्यापक हा न झालेला फेरफार कादंबरीच्या पानांतून हुडकत असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, युद्धकथा वाचायच्या आणि त्यांवर लिहायचं, एवढंच काम. प्रत्यक्षात ते बरंचसं हिशेबाचं आणि व्याकरणाचं काम आहे.

आधी शब्द

मराठीत आठवण 'येते' आणि स्मरण 'करतात'. पहिली आपसूक, दुसरं ठरवून. वारशाने आलेली युद्धस्मृती या दोन्हींत नीट बसत नाही: ती येते आपसूक, पण असते दुसऱ्याची. या मधल्या अवस्थेला मारियान हर्श यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला 'पोस्टमेमरी' हे नाव दिलं. नाझींच्या ज्यूसंहारातून वाचलेल्या आईवडिलांच्या मुलांविषयी त्या लिहीत होत्या. आर्ट स्पीगलमन यांची 'माउस' ही चित्रकादंबरी त्यांच्यासमोर होती. त्यांचं म्हणणं असं, की ही मुलं त्या भूतकाळाशी जोडली जातात ती कल्पनेने, कारण आठवायला त्यांच्याकडे स्वतःचं काही नसतंच. घरातले फोटो, अर्धी तोडलेली वाक्यं, जेवताना अचानक पसरणारी शांतता, यांच्या मधल्या जागा मूल स्वतः भरतं. भरलेलं इतकं ठसठशीत असतं की ते आठवणीसारखंच छळतं.

त्याआधीची दोन नावं माहीत असावीत. मॉरिस हाल्बवाक्स यांनी 1925 साली मांडलं की माणूस एकटा आठवत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग यांच्या चौकटीत आठवतो. यान आसमान यांनी पुढे स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले. एक तोंडातोंडी चालणारी, तीन-चार पिढ्या म्हणजे 80 ते 100 वर्षं टिकणारी. दुसरी, ती विझल्यावर पुस्तकं, स्मारकं आणि विधी यांनी धरून ठेवलेली. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत लढलेले शेवटचे हयात सैनिक हॅरी पॅच 25 जुलै 2009 रोजी वयाच्या 111व्या वर्षी वारले. 1918 मध्ये 91 मिळवा. सिद्धांताचा आकडा इतका चपखल क्वचितच बसतो. त्या युद्धावरच्या कादंबऱ्यांची लाट 1990च्या दशकात का उसळली, याचं अर्धं उत्तर या बेरजेत आहे: सांगणारे संपत आले होते.

आजोबा खरंच गप्प होते का?

उरलेलं अर्धं उत्तर जरा अडचणीचं आहे. या कादंबऱ्यांत एक ठरलेले आजोबा असतात. ते युद्धाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ते गेल्यावर नातवंडं पेटी उघडतात, वही सापडते, सत्य बाहेर येतं. सबॅस्टियन फोक्स यांच्या 'बर्डसाँग' (1993) मध्ये 1978 साली एलिझाबेथ आजोबांच्या सांकेतिक लिपीतल्या वह्या उलगडून घेते. अखेरीला ती बाळाचं नाव जॉन ठेवते, आणि आजोबांनी भुयारात मरणाऱ्या सोबत्याला दिलेलं वचन साठ वर्षांनी पुरं होतं. वारस नोंद बिनहरकत मंजूर! वाचक इथे डोळे पुसतो. अभ्यासकाने इथेच पेन्सिल उचलावी.

कारण सैनिकांची ती पिढी सरसकट गप्प नव्हती. 1928 ते 1930 या काळात युद्धावरच्या आत्मकथा, नाटकं, कादंबऱ्या यांचा ब्रिटनमध्ये पूर आला होता, आणि त्यातल्या कितीतरी स्वतः लढलेल्यांच्या होत्या. मग 1990च्या नातवाला 'कोणी काही सांगितलंच नाही' असं का वाटतं? काही घरांत शांतता खरी होती. स्वतःच्याच सैन्याने गोळ्या घातलेल्यांच्या घरी तर लाजेची होती. अशा 306 सैनिकांना माफी मिळायला 2006 साल उजाडलं. पण बाकीच्यांच्या डोळ्यांपुढचा चिखल, उंदीर, काटेरी तार आणि मूर्ख सेनापती हे चित्र आजोबांकडून आलेलं नाही. ते शाळेच्या पुस्तकातल्या विल्फ्रेड ओवेनच्या कवितांतून आलं, 1963च्या 'ओह व्हॉट अ लव्हली वॉर' या संगीत नाटकातून आलं, 1964च्या बीबीसीच्या 26 भागांच्या 'द ग्रेट वॉर' मालिकेतून आलं, आणि 1989च्या 'ब्लॅकॅडर' या विनोदी टीव्ही मालिकेतल्या खंदकातल्या विनोदांतून आलं. नातवाने आजोबांची म्हणून जपलेली आठवण पुष्कळदा टीव्हीची असते.

अशा बाहेरून बसवलेल्या स्मृतीला ॲलिसन लँड्सबर्ग यांनी 2004 साली 'प्रोस्थेटिक मेमरी' म्हटलं, म्हणजे कृत्रिम अवयवासारखी स्मृती. जयपूर फूट डोळ्यांपुढे आणा: पाय आपल्या रक्तामांसाचा नाही, पण त्यावर खरंच चालता येतं. म्हणून तिला खोटी म्हणून निकालात काढणं ही एक चूक, आणि रक्ताची समजणं ही दुसरी. दुसरी चूक प्रबंधांत फार दिसते.

'अनदर वर्ल्ड' जवळून

या विषयावर एकच कादंबरी वाचायला वेळ असेल तर पॅट बार्कर यांची 'अनदर वर्ल्ड' (1998) वाचावी. त्यांच्या 'द घोस्ट रोड'ला 1995चं बुकर मिळालं; ती ज्या त्रयीतली, त्या सगळ्या त्रयीपेक्षा ही कमी वाचली जाते. या विषयापुरती मात्र ती जास्त धारदार आहे. न्यूकॅसलमध्ये 101 वर्षांचे जॉर्डी मरणपंथाला लागलेत. डॉक्टर म्हणतात कर्करोग. जॉर्डी म्हणतात, सोमला लागलेली संगिनीची जखम आता मला मारतेय. नातू निक शेजारी बसून आहे. दोघांमध्ये जॉर्डींच्या भावाचा, हॅरीचा मृत्यू उभा आहे. हॅरी युद्धात मेला एवढंच घरात माहीत. कसा, हे जॉर्डींना माहीत, कारण दोन सैन्यांमधल्या जमिनीत तडफडणाऱ्या भावाला संपवणारा हात त्यांचाच होता.

इथे तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, क्रियापदाचा काळ. कादंबरी वर्तमानकाळात सांगितलेली आहे, आणि मरताना जॉर्डी 'नरकात होतो' म्हणत नाहीत, 'आहे' म्हणतात. त्यांच्यासाठी 1916 सरलेलंच नाही. निकसाठी मात्र ते कधी सुरूच झालं नव्हतं. एकाच खोलीतले हे दोन काळ एकमेकांत उतरत नाहीत, आणि बार्कर ते उतरवण्याची घाई करत नाहीत.

दुसरी, तिएपवालची सहल. जॉर्डी नातवाला तिथे घेऊन जातात. स्मारक ल्यूटन्स यांचं, म्हणजे नवी दिल्लीवाल्यांचंच. 1932 साली खुलं झालं. ज्यांची कबर सापडली नाही अशा 72,000हून अधिक सैनिकांची नावं त्यावर कोरलेली आहेत. आजोबांना आपली आठवण आपल्यावर 'ग्राफ्ट' करायची होती, असं निकला वाटतं. इंग्रजीत हा शब्द आंब्याच्या कलमालाही चालतो आणि जळालेल्या कातडीवर दुसरी कातडी लावण्यालाही. कोकणातल्या माणसाला कलमाचं गणित सांगायला नको: खुंट एकाचा, फांदी दुसऱ्याची, आणि जोड धरलीच तर फळ फांदीच्या गुणाचं. निकमध्ये जोड धरत नाही. त्याला तिथे स्मारकाचा बोजड आकार जाणवतो, आजोबांचं दुःख नाही. 'बर्डसाँग'ची एलिझाबेथ तशाच कमानीखाली हादरून जाते. दोन दृश्यं शेजारी ठेवली की एका प्रकरणाचा ऐवज तयार होतो.

तिसरी, हेलन. ही सैनिकांच्या मुलाखती घेणारी इतिहाससंशोधक. तिचा सिद्धांत असा, की म्हाताऱ्या सैनिकांच्या आठवणी समाजाच्या बदलत्या मतांप्रमाणे वळत गेल्या. सिद्धांत चांगला आहे, नुकताच आपणही तोच वापरला. पण जॉर्डी त्यात बसायला तयार नाहीत. त्यांची आठवण ऐंशी वर्षांत तसूभर हललेली नाही, हाच तर त्यांचा आजार आहे. हेलन प्रश्न आपल्या निष्कर्षाकडे ढकलत राहते. या विषयात पीएच.डी. करणाऱ्यांनी तो भाग दोनदा वाचावा, दुसऱ्यांदा आरशासमोर.

'म्हणे' शोधण्याचं तंत्र

आता प्रत्यक्ष काम. ब्रिटिश विद्यापीठांत अशा प्रबंधाला साधारण 80 हजार ते 1 लाख शब्दांची मर्यादा असते. त्यात चार ते सहा कादंबऱ्यांहून जास्त मावत नाहीत. दहा घेतल्या की प्रबंधाची पुस्तकसूची होते.

पहिलं वाचन पेन्सिलीविना. दुसऱ्या वाचनाआधी एका कागदावर पिढ्यांची मांडणी करायची: घटनेचं वर्ष, सांगणाऱ्याचा जन्म, ऐकणाऱ्याचा जन्म, सांगितलं ते वर्ष, कादंबरी छापली ते वर्ष. हे पाच आकडे न मांडल्याने होणारी ठरलेली गफलत म्हणजे नातवाला मुलगा समजणं. हर्श यांची कल्पना दुसऱ्या पिढीसाठी होती. ज्या मुलीने बापाचे रात्रीचे ओरडे ऐकले तिला मिळालेली गोष्ट, आणि ज्या नातवाने फक्त पदक पाहिलं त्याला मिळालेली, या एक नव्हेत. 'पोस्टमेमरी' हा शिक्का सगळ्यांवर मारला की तो कशाबद्दलच काही सांगत नाही.

मग चार रकान्यांचा तक्ता. पान. कोण पाहतंय. ही माहिती त्याच्यापर्यंत कशातून आली. क्रियापद कोणतं. खरी मेहनत तिसऱ्या रकान्यात आहे, आणि तिथे मराठी वाचकाला एक सोय जन्मजात मिळालेली आहे. 'आजोबा तीन दिवस खड्ड्यात पडून होते' आणि 'आजोबा म्हणे तीन दिवस खड्ड्यात पडून होते' यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. एका 'म्हणे'ने सांगोवांगीची पावती फाडली जाते. इंग्रजीला हे इतक्या सहज साधत नाही. तिथे कादंबरीकाराला आडवळणं घ्यावी लागतात: 'असणार', 'असावं' या अर्थाची क्रियापदं, मध्येच येणारा पत्राचा मजकूर, फोटोचं वर्णन, मुलाखतीचा उतारा, वेगळा टाइप. संशोधक हे इंग्रजीतले 'म्हणे' गोळा करतो. आणि सगळ्यात मोलाची जागा कोणती, तर जिथे 'म्हणे' गळून पडतं. नातवंड 'असं झालं असावं' म्हणता म्हणता 'असं झालं' म्हणू लागतं, ते वाक्य सापडलं की फेरफाराची तारीख सापडली.

ग्रॅहम स्विफ्ट यांच्या 'विश यू वेअर हिअर' (2011) मध्ये हे घसरणं उघड दिसतं. डेव्हनमधलं शेतकरी कुटुंब. सोमला एकाच दिवशी पडलेले दोन भाऊ. शौर्यपदक मात्र एकच. दर नोव्हेंबरात स्मरणदिनाला पदक खिशात घालून ती कथा पुन्हा सांगितली जाते. पुढे 2006 साली घरातला धाकटा मुलगा इराकमध्ये मारला जातो, आणि इतकी वर्षं घासून गुळगुळीत झालेली कथा नव्या मरणाला पुरी पडत नाही.

कागद, आणि जळलेले कागद

कादंबरीतला नातू सरकारी दप्तराऐवजी पेटीतली वही उघडतो, ही लेखकाची सोय म्हणून सोडून देऊ नये. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांचे सेवा-कागद लंडनमध्ये आर्नसाइड स्ट्रीटच्या गोदामात होते. सप्टेंबर 1940च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात त्यांतले साठ टक्क्यांच्या आसपास जळून गेले. उरलेले क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ 363 या मालिकेत आहेत. त्यांना 'जळके कागद' म्हणूनच ओळखतात. म्हणजे एका युद्धाने दुसऱ्या युद्धाचं दप्तर खाल्लं. पलटणींच्या रोजनिश्या डब्ल्यूओ 95 मध्ये आहेत, पण त्यांत नावं बहुधा अधिकाऱ्यांची. साध्या शिपायाला तिथे शोधायला जाणारा नवा संशोधक आठवडाभराने रिकाम्या हाताने परततो.

दप्तरातून कादंबरीत काय येतं, याचा एक छोटा नमुना इयन मॅकइवन यांच्या 'अटोनमेंट' (2001) मध्ये आहे. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात डंकर्कच्या माघारीत पायाला जखमी झाले. हात जायबंदी झालेल्या दुसऱ्या सैनिकासोबत त्यांनी एक मोटरसायकल चालवली; एकाचे हात, दुसऱ्याचे पाय. ही घरची गोष्ट कादंबरीत ओझरती चमकून जाते. रुग्णालयातला तपशील मात्र ल्यूसिला अँड्रूज या परिचारिकेच्या आठवणींतून आला. मॅकइवन यांनी ऋणनिर्देश केला होता, तरी 2006 साली उसनवारीवरून वाद पेटला. बापाची आठवण घेतली तर वारसा आणि परक्या बाईची घेतली तर उसनवारी? या प्रश्नाचं सरळ उत्तर नाही, म्हणूनच प्रबंधात त्याला जागा हवी.

आजोबा दोषी असतील तर

आतापर्यंतचे आजोबा सोसणारे होते. रेचल सायफर्ट यांच्या 'द डार्क रूम' (2001) ने बाजू उलटवली. लेखिका ऑक्सफर्डमध्ये जन्मलेली, आई जर्मन आणि वडील ऑस्ट्रेलियन. तिसऱ्या भागातला मिखा हा जर्मन शिक्षक आजोबांचा फोटो घेऊन बेलारूसला जातो, कारण ते वाफेन-एसएस या नाझींच्या लढाऊ दलात होते. त्याला हवंय कागदी उत्तर: मारलं की नाही? मिळते ती एका म्हाताऱ्याची साक्ष, आणि तो म्हातारा स्वतःच नाझींना सामील होता. इथे 'वारशाने आलेला आघात' हा शब्द वापरताना हात थांबला पाहिजे. मिखाला दुःख होतं हे खरं, पण ते बळींच्या नातवंडांच्या पंगतीत बसवता येत नाही. मायकेल रॉथबर्ग यांनी 2019 साली बळीही नव्हेत आणि गुन्हेगारही नव्हेत, पण हिशेबातून सुटलेलेही नव्हेत अशा माणसांसाठी वेगळी संज्ञा मांडली, ती इथे कामाला येते.

भिंतीवर फक्त आकडा

आणि ज्यांचे नातू ब्रिटिश कादंबरीत बराच काळ आलेच नाहीत? अँड्रिया लेव्ही यांच्या 'स्मॉल आयलंड' (2004) ने ब्रिटिश हवाई दलातले जमैकन समोर आणले. लेव्हींचे वडील 1948 साली 'एम्पायर विंडरश' बोटीने इंग्लंडला आले होते. कामिला शम्सी यांच्या 'अ गॉड इन एव्हरी स्टोन' (2014) मध्ये 40व्या पठाण पलटणीतला कय्यूम 1915 साली बेल्जियममधल्या ईप्रला डोळा गमावतो आणि 1930च्या पेशावरात किस्साख्वानी बाजारातल्या गोळीबारापर्यंत पोचतो.

आपल्याकडचा धागा याहून जवळ आहे. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतला वेढ्यात अडकलेली आणि अखेर शरण गेलेली सहावी डिव्हिजन पुण्याची. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कबर न सापडलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं, तेव्हा ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, आणि भारतीय शिपायांचे पलटणीगणिक आकडे. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने हा दुजाभाव 2021च्या अहवालात स्वतः मान्य केला. तिएपवालला नातू बोट फिरवून नाव शोधू शकतो. बसऱ्याच्या भिंतीवर बोट ठेवायला जागाच नव्हती.

फ्रान्समधून भारतीय सैनिकांनी घरी पाठवलेल्या पत्रांचे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण ते सेन्सॉरच्या कार्यालयाने केलेल्या इंग्रजी भाषांतरात. मूळ पत्रं पुढे गावोगाव गेली आणि बहुतेक तिथेच संपली. बरेच शिपाई निरक्षर, म्हणजे सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, भाषांतर करणारा तिसरा, आणि शंभर वर्षांनी त्यावरून इंग्रजी कादंबरी लिहिणारा चौथा. त्यामुळे या कादंबऱ्यांसाठी वरच्या तक्त्यात पाचवा रकाना आखावा लागतो: हे वाक्य मुळात कोणत्या भाषेत बोललं गेलं असेल, आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर त्यातून किती 'म्हणे' गळाले.